शिवलेला पट्टा

त्याला सगळे दाभण म्हणत. अंगानं सुकडा, उंच, आणि बोलणं असं की समोरच्याला टोचल्याशिवाय राहायचं नाही. पण नाव पडलं ते कामावरून. मोटारींच्या सीटा शिवायचा त्याचा धंदा. बस असो, ट्रक असो, टॅक्सी असो, सीट फाटली की गाडी दाभणच्या दारात. मोठ्या रस्त्याला लागून एक लांबट खोली, दाराशी मशीन, मागे फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. त्या सोल्यूशनचा वास आत शिरणाऱ्याच्या थेट डोक्यात जायचा. दाभणला मात्र तीस वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती की मोकळ्या हवेत गेले की यांनाच कसलातरी वास येतो, असं त्याची बायको म्हणायची.

गाडी कशी ओळखावी याबद्दल त्याचं एक ठाम मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा. इंजिन खोटं बोलतं, रंग खोटा बोलतो, विकणारा तर बोलतोच बोलतो; सीट खोटं बोलत नाही. ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड किती झिजलीय, मागच्या सीटवर पोरांनी किती उड्या मारल्यात, यावरून तो गाडीची कुंडली मांडायचा. आता अशा कितीतरी सीटांवर नवी कव्हरं चढवून त्यांची तोंडं बंद करायचं काम हाच माणूस करत होता, पण हे त्याच्या कधी मनात आलं नाही. स्वतःच्या धंद्याकडे असं उलट्या बाजूनं कोण बघतं?

बायको हा त्याचा खरा उजवा हात होता. मशीनची शिलाई त्याची, हाताचं काम तिचं. शिलाई संपते तिथं दोरा तोडून गाठ मारावी लागते, आणि बहुतेकांची गाठ दोनेक वर्षांत सुटते. तिची सुटत नसे. ती दोऱ्याला मेण चोळायची, तीन वेढे घ्यायची आणि टोक सुईनं पुन्हा शिवणीच्या आत वळवून दडवायची. वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. कडेखाली बोट घातलं तर मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी लागायचं, बस. ‘तुझी गाठ देवालासुद्धा सापडायची नाही,’ असं दाभण म्हणायचा, आणि कुणाचं कौतुक करायची त्याची एवढीच मजल होती.

दोन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं थकली. सुई सुटली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जायचं, म्हणजे बसनं, कारण रुग्णालय खाली, आणि यांचं घर वर, मधे तो लांबलचक उतार. थांबा उताराच्या अगदी तोंडाशी. बसायला बाक नाही, डोक्यावर छप्पर नाही. बस यायची तेव्हा यायची. तोवर वेळ जावा म्हणून तिनं एक खेळ काढला होता. उताराच्या तळाशी आंधळं वळण होतं आणि तिथं प्रत्येक गाडी हॉर्न वाजवायचीच. समोरून एखादी गाडी खाली गेली की ती आकडे मोजायला लागायची. साधारण तीस म्हणेपर्यंत खालून हॉर्न ऐकू यायचा. ट्रकला चाळीस. “आली वळणावर,” ती म्हणायची, आणि पुढची गाडी धरायची.

येताना तिच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसे. एके दिवशी बसमध्ये जागा मिळाली नाही आणि ती दांड्याला धरल्या धरल्याच खाली बसली. कुणीतरी उठून जागा दिली, पण दाभणला ती सरकत सरकत खाली जाताना दिसली होती. तो घरी आला, जेवला नाही, आणि म्हणाला, “गाडी घेऊ.”

“कशातनं?” ती म्हणाली.

“जुनी घेऊ. मोडकी घेऊ. तुला आडवं पडता आलं म्हणजे झालं.”

जुन्या गाड्यांच्या शेठशी त्याची जुनी ओळख. शेठच्या आवारात पन्नासेक गाड्या उभ्या असत, आणि त्यातल्या निम्म्यांची अंतर्वस्त्रं, दाभणच्याच भाषेत, त्यानं शिवलेली. शेठ गोड माणूस होता. इतका गोड की त्याच्याकडून निघताना आपण फसलो असं वाटायला दोन दिवस लागायचे. “तुझ्यासाठी वेगळी ठेवलीय,” असं म्हणून त्यानं कोपऱ्यातली निळी व्हॅन दाखवली. सायलेन्सर लोंबत होता, ब्रेक मऊ लागत होता, एका आरशाला दोरी बांधलेली. किंमत मात्र इतकी कमी की दाभणनं ऐकून पुन्हा विचारावी.

त्यानं इंजिनाकडे पाहिलंच नाही. मागचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि तिथंच थांबला. कव्हर जुनं होतं, पण काय शिवलं होतं! टाका एकासारखा एक. कोपरे असे वळवलेले की कुठे चुणी नाही. खालची मॅट पत्र्याला कातडीसारखी बसलेली, कडेनं शिलाई मारून. दाभण गुडघ्यावर बसून बघत राहिला.

“हे कुणी केलंय?” त्यानं विचारलं.

“असेल कुणी कारागीर,” शेठ म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

“आपल्यात आता असा हात राहिला नाही कुणाचा,” दाभण म्हणाला. दुसऱ्याच्या कामाला त्यानं चांगलं म्हटल्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. आणि ज्यानं एवढा जीव लावून आतलं काम करून घेतलं त्या मालकानं गाडी जपली असणारच, असा सरळ हिशेब त्यानं मांडला. व्हॅन त्याच दिवशी घरी आली.

शेजारचा गॅरेजवाला गाडीखाली शिरला. आठ दिवस लागले. सायलेन्सर बसवला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, क्लच नवा टाकला. मग तेलकट हात पुसत बाहेर आला आणि काही न बोलता उभा राहिला. हा माणूस एरवी बोलायला लागला की चहा गार करायचा, त्यामुळे दाभणला ते खटकलं.

“काय झालं?”

“खालून सगळं काळं डांबर फासलंय रे. जाड. मधोमध जास्तच जाड आहे. आतून बघायला पाहिजे. ती मॅट उचल.”

“मॅटला हात लावायचा नाही.”

“अरे, चार बोटं उचल नुसती.”

“ती शिवलेली आहे. एकदा उसवली की तशी बसत नसते. तुला नटबोल्टातलं कळतं, यातलं कळत नाही.”

गॅरेजवाल्यानं फडकं खांद्यावर टाकलं. “डांबराखाली काय आहे ते ज्यानं फासलं त्यालाच माहीत,” तो म्हणाला. “उतारावर जपून चालव.”

पहिले दिवस सुखाचे गेले. बायको मागच्या सीटवर कधी आडवी पडायची, कधी सीटबेल्टचा पट्टा लावून बसायची. ऊन येतं म्हणून तिनं जुन्या चादरीचा, पिवळ्या ठिपक्यांचा एक छोटा पडदा हातानं शिवून मागच्या खिडकीला लावला. दोन वर्षांनी तिनं सुई धरली होती. दाभणनं ते पाहिलं आणि त्या दिवशी गाडी उगाचच लांबच्या रस्त्यानं नेली.

दुसऱ्या आठवड्यात मागचं दार लागेना. जरा उचलून लावलं की लागायचं. त्यानं खटक्याला कानस मारली. चार दिवसांनी पुन्हा उचलावं लागलं, आणखी थोडं वर. पुन्हा कानस. उतारावर आतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज यायला लागला.

“वारा कुठून येतोय?” बायकोनं विचारलं. “पायाला लागतोय.”

“खिडकीतनं.”

“खिडकी बंद आहे.”

त्यानं गियर बदलला. खरं सांगायचं तर त्याला त्या आवाजाची भीती वाटायला लागली होती. शिवण जिथं ताणली जाते तिथं आधी कापड बोलतं, हे त्याला माहीत होतं. दार रोज थोडं खाली का उतरतं, हा प्रश्न त्याच्या मनात यायचा आणि तो कानस हातात घ्यायचा.

चौथ्या आठवड्यात, नुकताच उतार लागला होता, तेव्हा मागून ती म्हणाली, “अहो, गाडी बाजूला घ्या.”

“मळमळतंय का?”

“बाजूला घ्या आधी.”

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून चाकाखाली दगड लावला. मागचं दार दोन्ही हातांनी उचलून उघडलं. ती पांढरी पडली होती. पट्टा हाताला रुतत होता म्हणून तिनं तो सैल करायला, तो सीटखाली जिथं शिरतो तिथं बोटं घातली होती. बोटं अजून तिथंच होती.

“इथं हात घाला.”

त्यानं घातला. कव्हरच्या कडेखाली, पट्ट्यावर, मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक.

“ही माझी गाठ आहे,” ती म्हणाली.

“काहीतरीच. तुझी कशी असेल?”

“स्वतःच्या हातची गाठ कळत नाही होय मला? तीन वेढे, टोक आत वळवलेलं. आणि हा पट्टा आहे, सीट नाही. आपण आयुष्यात पट्टा एकदाच शिवला.”

दाभणनं कव्हरची कड ओढली. पट्टा तिथं दुहेरी होता. एकाच रंगाच्या दोऱ्याच्या चार ओळी, मशीनच्या, एकासारख्या एक, आणि दोन्ही टोकांना तिच्या गाठी. आणि मग त्याला सगळं आठवलं, जसं झालं होतं तसं. पांढरी व्हॅन होती ती तेव्हा. आठ वर्षं झाली. शेठनं स्वतः आणून लावली होती, मागचा भाग ताडपत्रीनं झाकून. नवा पट्टा मागवायला वेळ लागेल, हाच जोडून टाक, जोड कव्हरखाली घे, आणि मॅट अशी बसव की कुणाला उचलावीशी वाटू नये. एवढं बोलून शेठ गेला होता. पट्टा तिरका कापलेला होता, एका झटक्यात.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “हा कुणी कापला म्हणून. तुम्ही म्हणालात, कात्रीनं. शीव.”

पट्टा कापतात तो आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला. हे दाभणला तेव्हाही माहीत होतं.

त्यानं रेक्झिन कापायचा चाकू काढला. ज्या मॅटला त्यानं गॅरेजवाल्याला बोट लावू दिलं नव्हतं, ती त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली. खाली पत्रा आडवा जोडलेला होता. दोन गाड्या कापून केलेली एक गाडी, अर्धी एकीची, अर्धी दुसरीची, मधे वेल्डिंगची ओबडधोबड रेघ. त्या रेघेत बोट जाईल एवढी फट पडली होती, आणि फटीतून खालचा रस्ता दिसत होता. तिच्या दोन्ही पायांच्या मधोमध.

 त्यानं तिला धरून खाली उतरवलं. ती म्हणाली, “बस येतेय. हात करा.”

ती बसनं गेली. दाभण ती गाडी माणसाच्या चालीनं हळूहळू चालवत शेठच्या आवारात घेऊन गेला. शेठनं फाडलेल्या मॅटकडे पाहिलं आणि नवल वाटल्याचा आव आणला.

“अरे, तूच तर शिवली होतीस! मला वाटलं ओळखूनच घेतोयस. कारागीर आपलं काम ओळखतो की.”

“माझी बायको बसत होती यात.”

“मग मी काय म्हणतो का, ठेव म्हणून? परत घेतो. पैसे परत देतो, एक पै कमी नाही. आपला संबंध काय आजचा आहे?” शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पण अशी फाडलेली मी काय करू? होती तशी करून आण. आज आणलीस तर आज पैसे.”

दाभणनं शेठच्या तोंडावर चाकू फेकला, निघून गेला, गाडी भंगारात घातली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. होतं नव्हतं ते सगळं त्या गाडीत गेलं होतं. परवा पुन्हा डायलिसिस. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिची औषधं. त्यानं स्वतःला सांगितलं की पत्र्याला पुन्हा वेल्डिंग करायला सांगू शेठला. आणि शेठला त्यानं ते सांगितलंही. शेठ म्हणाला, “म्हणजे काय, करणारच!” आणि दोघांनीही ते खरं मानल्यासारखं केलं.

दुपारभर दार ओढून घेऊन तो शिवत बसला. जुन्या शिवणीची भोकं शोधून त्याच भोकांतून सुई घातली. सोल्यूशन लावलं, मॅट दाबली, कड वळवली. त्याच्या हातून इतकं सुंदर काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला किळस येत होती. शेवटी दोऱ्याला मेण चोळून त्यानं तीन वेढे घेतले आणि टोक आत वळवलं. तिची गाठ त्यानं पहिल्यांदाच मारली. पट्ट्याला त्यानं हात लावला नाही. तो आधीपासूनच चांगला शिवलेला होता.

घरी ती उशीला टेकून बसली होती.

“काय केलंत?”

“भंगारात घातली. आले थोडेफार.”

तिनं उशी सरकवून त्याला जागा केली. मग म्हणाली, “बरं केलंत. मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं कराल.” तिनं त्याचा हात धरला. त्याच्या बोटांना मेण लागलेलं होतं. त्यानं हात सोडवून घेतला आणि पाणी आणायला म्हणून उठला.

पुन्हा बस सुरू झाली. पुन्हा तो थांबा, पुन्हा तिचे आकडे. महिना गेला. दाभण मोठ्या रस्त्यावर निळं काही दिसलं की आत जायचा. शेठनं दोनदा काम पाठवलं, त्यानं मशीन बिघडलंय म्हणून परत लावून दिलं. गॅरेजवाल्याशी बोलणं बंद झालं. रात्री झोप लागायची नाही, तर तो म्हणायचा, आता वय झालं.

एका सकाळी दोघं थांब्यावर उभी होती. नुकताच एक ट्रक खाली गेला होता, तिचं मोजणं चालू होतं. अडतीसला हॉर्न वाजला. “आली वळणावर,” ती म्हणाली आणि पुढची गाडी धरायला वर बघितलं.

हिरवी व्हॅन येत होती. नवा रंग, उन्हात चकाकणारा. पुढे एक माणूस आणि बाई, मागे एक म्हातारी आणि दोन मुलं, आणि टपावर सामान बांधलेलं. दाभणनं पाहिलं आणि त्याला काही वाटलं नाही. गाडी अगदी जवळ आली, तेव्हा मागच्या खिडकीतल्या मुलीनं बाहेर बघायला पडदा बाजूला सारला. पिवळ्या ठिपक्यांचा.

बायकोनं दाभणकडे पाहिलं नाही. ती रस्त्यावर उतरली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “थांबा! अहो, थांबा!” दाभण धावला. चपला सुटल्या तरी धावला. त्याला वाटलं, पोचलो तर पुरे, पुढं काय सांगायचं ते बघू. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असावं, कारण त्यानं हात बाहेर काढून हलवला: जागा नाही. मुलीनंही हात हलवला, हसून. मागचं दार वरच्या बाजूनं इंचभर उघडं होतं. शीळ घातल्यासारखा तो बारीक आवाज त्याच्या जवळून गेला आणि गाडी उताराला लागली.

तो परत आला तेव्हा ती थांब्यावर पूर्वीसारखीच उभी होती.

“मॅट?” तिनं विचारलं.

“शिवली.”

“गाठ?”

“तुझ्यासारखी मारली.”

तिनं तोंड उताराकडे वळवलं. तिचे ओठ हलत होते. मागून बस आली, थांबली, दार उघडलं.

“चढताय ना?” बसचा ड्रायव्हर म्हणाला. तिनं हात वर करून त्याला गप्प राहायला सांगितलं. बसमधली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. इंजिनाची घरघर मधे येत होती म्हणून ती दोन पावलं पुढे, उताराच्या कडेला गेली. दाभण तिच्या मागे गेला.

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “बेचाळीस.”

खालून अजून काही ऐकू आलं नव्हतं.